सलोनीच्या नावावर

अर्ज नामंजूर झालेला नाही, पण तो पुढेही जाणार नाही, असं बँकेतल्या भार्गवी मॅडमनी सांगितलं तेव्हा सलोनीला आधी त्याचा अर्थच लागला नाही. ती समोरच्या खुर्चीत तशीच बसून राहिली. पिशवीत रेशनकार्ड, शाळेचा दाखला, ग्रामपंचायतीचं पत्र, यंत्राचं कोटेशन, सगळं होतं. आता आणखी कुठला कागद कमी पडला, एवढंच तिने विचारलं.

तोंडवलीत मसाला कांडपाचं यंत्र बसवायचं होतं तिला. गावात यंत्र नव्हतं. मिरच्या सुकवून, धणे-तिरफळं निवडून बायका आचऱ्याला नाहीतर मालवणात जात आणि रांगेत अख्खा दिवस घालवत. माहेरी परत आल्यापासून सलोनी किनाऱ्यावरच्या एका खाणावळीत पर्यटकांचा स्वयंपाक करत होती. तिच्या हातचा मसाला लोक जाताना पाव पाव किलो बांधून मागत. खाणावळीच्या मालकानेच तिला सरकारी योजनेची माहिती दिली. ओरोसला जिल्हा उद्योग केंद्रात मुलाखत झाली, तिथून मंजुरी आली आणि कागद मालवणच्या बँकेत येऊन अडकले. हे दोन हजार नऊच्या पावसाळ्यातलं.

"कागद सगळे आहेत," भार्गवी मॅडम म्हणाल्या. त्या घाटावरच्या, वयाने सलोनीएवढ्याच, नुकत्याच बदली होऊन आलेल्या. "पण तुमच्या नावावर दोन खाती थकीत दिसतायत. आता देशभरातल्या बँका कर्जदारांची माहिती एका ठिकाणी कळवतात. कोणी हप्ते भरले, कोणी बुडवले. कर्ज देण्याआधी आम्हांला तो रिपोर्ट बघावाच लागतो. रकमा छोट्या आहेत, पण थकीत म्हणजे थकीत."

आपण कधी कोणाकडून कर्ज घेतलंच नाही, असं सलोनी म्हणाली. मग तिला हप्त्यांवर घेतलेला फ्रीज आठवला. मॅडमनी कागद तिच्याकडे वळवला. एक खातं फ्रीजचंच होतं, शेवटचे दोन हप्ते राहिलेलं. दुसरं होतं क्रेडिट कार्डाचं. तसलं कार्ड सलोनीने उभ्या जन्मात हातात धरलं नव्हतं.

फ्रीजचा विषय तिला ठाऊक होता. लग्नानंतर ती कुडाळजवळ पिंगुळीला राहायची. नवरा विश्वेश केळुसकर मूळचा वेंगुर्ल्याचा, पिंगुळी तिठ्यावर त्याचा एसटीडी बूथ होता. सलोनी तेव्हा कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत एका काजू कारखान्याच्या ऑफिसात कारकून होती. पगाराची पावती तिच्याकडे होती म्हणून फ्रीज तिच्या नावावर घेतला. हप्ते विश्वेश भरायचा. पुढे दीड-दोन वर्षांत दोघांचं बिनसलं. तो घरात पैसे देईनासा झाला, विचारलं की तोंड फिरवून बाहेर जायचा. सलोनीची नोकरीही कारखाना बंद झाल्यावर गेली होती. एका सकाळी ती पाच वर्षांच्या लेकीला, रियाला, घेऊन तोंडवलीला आली ती आलीच. फ्रीज तिकडेच राहिला. त्याचे दोन हप्ते राहिलेत हे ती विसरलीही होती.

घरी तिने हे आईला सांगितलं. सुभद्रा नुकती मालवणच्या बाजारातून मासळी विकून आली होती. पाटी धुता धुता तिने ऐकून घेतलं आणि आधी फ्रीजचं मिटव, मग दुसऱ्याचं बघू, एवढंच म्हणाली.

फ्रीजचं मिटवणंही सोपं नव्हतं. कुडाळच्या दुकानदाराने हात वर केले. ज्या फायनान्स कंपनीने पैसे दिले होते ती दुसऱ्या कंपनीत मिसळली होती आणि इथलं ऑफिस बंद झालं होतं. कोल्हापूरला जावं लागेल, म्हणाला. सलोनी खाणावळीतून सुट्टी काढून पहाटेच्या एसटीने निघाली. घाटात तिला उलट्या झाल्या. कोल्हापुरात ऑफिस शोधून तिसऱ्या मजल्यावर पोचली तर साहेब जेवायला गेले होते. ते आल्यावर जुनं खातं कॉम्प्युटरवर सापडेना. सापडलं तेव्हा हप्त्यांवर दंड चढलेला होता. तिने वाद घातला नाही. पैसे मोजून दिले, पावती घेतली, आणि कसलीच बाकी नसल्याचा दाखला मागितला. तो पोस्टाने येईल, असं ते म्हणाले. त्यावर मात्र ती जागची हलली नाही. दाखला हातात घेऊनच जाईन, म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. ऑफिस बंद व्हायच्या आधी त्यांनी तो दिला. परतीच्या गाडीत तिला इतकी गाढ झोप लागली की कंडक्टरने कणकवलीला हलवून उठवलं.

कार्डाचं प्रकरण वेगळं होतं. कंपनीच्या नंबरवर फोन लावला की आधी गाणं वाजायचं, मग एखादी मुलगी हिंदीत सोळा आकडी नंबर विचारायची. नंबर सलोनीकडे नव्हताच. शेवटी भार्गवी मॅडमनी बँकेच्या पत्राने विचारणा केली. कार्डाच्या मूळ अर्जाची प्रत यायला गणपती उलटून गेले.

मॅडमनी प्रत टेबलावर ठेवली. नाव सलोनीचं, पगाराची पावती सलोनीची, पत्ता पिंगुळी तिठ्यावरच्या बूथचा. खाली इंग्रजीत सही. अक्षर ओळखायला सलोनीला वेळ लागला नाही.

"ही तुमची सही आहे?"

"नाही. मी मराठीत सही करते. पहिल्यापासून."

भार्गवी मॅडमनी अर्ज स्वतःकडे ओढून सही पुन्हा पाहिली. मग त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. कार्ड सलोनीच्या नावाने दुसऱ्याने काढलंय. तिने पोलिसांत तक्रार नोंदवावी, प्रतिज्ञापत्र करावं. ते कंपनीला पाठवलं की खातं तिच्या नावावरून निघेल आणि एक पैसाही भरावा लागणार नाही. फक्त तक्रारीत सही करणाऱ्याचं नाव येणार. गुन्हा दाखल होईल.

त्या दिवशी गुणाजी, सलोनीचे वडील, समुद्रावर गेले नव्हते. वारा होता. अंगणात जाळं पसरून ते फाटलेलं विणत होते. लेकीचं बोलणं त्यांनी मान वर न करता ऐकलं. जावयाबद्दल त्यांच्या मनात आधीपासून राग होता. ते म्हणाले की यात विचार करण्यासारखं काहीच नाही, उद्याच कुडाळच्या पोलीस स्टेशनात जाऊ. सलोनीने आधी त्याला विचारून येते, म्हटलं. काय विचारणार, असं ते म्हणाले. तिने अर्जाची प्रत पिशवीत घातली.

विश्वेशचा बूथ कधीच बंद पडला होता. त्या गाळ्यात आता कोंबड्यांचं दुकान होतं. शेजारच्या न्हाव्याने सांगितलं की तो कुडाळ स्टेशनवर कोणाची तरी रिक्षा भाड्याने चालवतो. सलोनी तिथे गेली. गाडी यायला अवकाश होता. रिक्षांच्या ओळीत शेवटच्या रिक्षात तो मागच्या सीटवर आडवा झाला होता. तिला बघून उठला, शर्ट सारखा केला. तीन वर्षांत तो वाळला होता. दाढीचे केस पांढरे दिसत होते. रिया बरी आहे का, हे त्याने पहिलं विचारलं. बरी आहे, तिसरीत आहे, ती म्हणाली. मग पिशवीतून अर्जाची प्रत काढून त्याच्या हातात दिली.

त्याने नाकारलं नाही. कागद बघून परत दिला.

"सही माझीच," तो म्हणाला.

"कित्याक केलात?"

समोर एक बाई हमालाशी भाव करत होती, तो तिकडे बघत राहिला. मग सांगायला लागला ते तुटक तुटक, पण काही न लपवता. सगळ्यांच्या हातात मोबाईल आले तसा बूथ बसला. दिवसाला चार माणसंसुद्धा येईनाशी झाली. आधी त्याने झेरॉक्स मशीन घ्यायचं ठरवलं, ते जमलं नाही. गाळ्याचं भाडं अंगावर येत गेलं. तेवढ्यात पणजीहून कार्डवाला एजंट आला. त्याला पगारदार माणूस हवा होता आणि फ्रीजच्या वेळी काढलेल्या सलोनीच्या पगाराच्या पावत्या घरात होत्या. कार्ड बूथच्या पत्त्यावर आलं.

"आणि पैशे काय केलात?" सलोनीने विचारलं.

"तुकाच दिलंय," तो म्हणाला. "दर म्हयन्याक तुझ्या हातात पैशे देत होतंय नाय, बूथाचे म्हणान? ते बूथाचे नाय होते. कुडाळात मशिनीतसून काढून आणी होतंय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. महिन्याच्या सुरुवातीला संध्याकाळी तो घरी येई, नोटा तिच्या हातावर ठेवी, आणि ती त्या देवाच्या फोटोपुढे ठेवून मग डब्यात टाके. धंदा मंदावलाय असं गावात सगळे म्हणतात, पण माझा नवरा घर चालवतो, असं तिने एकदा शेजारणीला ऐकवलंही होतं. फ्रीजचे हप्तेही त्यातूनच गेले, तो म्हणाला. कार्डाची मर्यादा संपली तेव्हा सगळं एकदम थांबलं. तेव्हापासून तो घरात तोंड दाखवायला लाजायला लागला. ती समजली की तो वाया गेला. ती गेली तेव्हा थांब म्हणायला त्याच्याकडे तोंडच नव्हतं.

"म्हणजे माझ्या नावावर पैशे काढून माकाच दिलात. आणि मी ते तुमची कमाई म्हणान घेतलंय."

"होय."

"तेवाच सांगलां आसतात तर?"

"सांगूक व्हयां होतां," तो म्हणाला.

गाडीची घंटा झाली. बाकीचे रिक्षावाले उठले. सलोनीने त्याला पोलिसांतल्या तक्रारीचं सांगितलं. तो घाबरला, पण गयावया केली नाही. तुला जे करायचं ते कर, मी नाही म्हणणार नाही, असं म्हणून त्याने हँडलला हात घातला. भाडं सोडू नका, म्हणाली ती आणि एसटी स्टँडकडे चालायला लागली.

मालवणच्या गाडीत खिडकीशी बसून ती हिशेब करत राहिली. पैशांचा नव्हे. त्या महिन्यांत घरात काय काय आलं ते तिला एकेक आठवत गेलं. रियाचा बालवाडीचा गणवेश, गॅसचा सिलिंडर, आईला बरं नव्हतं तेव्हा नेलेली सफरचंदं, दिवाळीची साडी. तिला त्याचा राग आला, मग रागाचाच कंटाळा आला. तोंडवलीला उतरेपर्यंत तिने ठरवलं होतं.

गुणाजींना ते पटलं नाही. एवढ्या मोठ्या आवाजात ते क्वचितच बोलत. सही त्याने केली, लबाडी त्याने केली, आणि भरायचं तू? सलोनी उंबऱ्यावर बसली होती. तिने चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"सही तेंची, बाबा," ती म्हणाली. "पण त्या पैशाचो भात मी शिजवलंय. रियान खाल्ल्यान, मी खाल्लंय. माका म्हायत नाय होतां ह्यां खरां. पण खाल्लां ता खाल्लां."

"मगे तेका असोच सोडतलंस?"

"सोडूक नाय. अर्धे तेंनी भरूचे, असां सांगतलंय. नाय भरल्यानी तर मगे बगूया."

गुणाजींनी सुतळीचा गुंडा उचलला आणि मागच्या दारी गेले. दोन दिवस ते लेकीशी कामापुरतंच बोलत होते.

भार्गवी मॅडमनाही तिचं म्हणणं पटलं नसावं, पण त्यांनी तसं म्हटलं नाही. गुन्हा नोंदवायचा की नाही हा तुमचा निर्णय, म्हणाल्या. फक्त एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. वसुलीवाले फोन करतील, अर्ध्या रकमेत मिटवा म्हणतील. ते करू नका. अर्ध्यात मिटवलं की रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा पडतो. म्हणजे या माणसाने पुरते पैसे दिले नाहीत. वर्षानुवर्षं तो शेरा जात नाही आणि आमचे वरचे साहेब अशी फाईल हातात घेत नाहीत. पूर्ण भरलं तर 'क्लोज्ड' येतं.

आणि फोन आलाच. त्या माणसाचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी, फार गोड. व्याज माफ करतो ताई, या महिन्यात सात हजारात विषय संपवा, म्हणाला. खाणावळीच्या पडवीत उभी राहून सलोनी ऐकत होती. पूर्ण रक्कम त्याच्या दुपटीहून जास्त होती. एक क्षण तिला वाटलं की हो म्हणावं आणि मोकळं व्हावं. तिने पूर्ण भरणार असल्याचं सांगितलं. तो माणूस गोंधळला. पूर्ण भरतो असं कोणी म्हणत नाही, म्हणाला. मग त्याचा गोड सूर गेला आणि त्याने घाईने फोन ठेवला.

विश्वेशने आपल्या अर्ध्या वाट्याचा पहिला हप्ता कुडाळच्या बाजाराच्या दिवशी स्टेशनवर तिच्या हातात दिला. दुसराही दिला. तिसऱ्या वेळी तो स्टेशनवर नव्हता. रिक्षाच्या मालकाने गाडी काढून घेतली होती आणि तो सावंतवाडीला कुठल्या तरी गॅरेजात गेला होता. त्याने फोन करून सांगितलं की देईन, पण उशीर होईल. सलोनीला त्याचं बोलणं खोटं वाटलं नाही, आणि त्यावर विसंबायचंही नव्हतं. ती खाणावळीचं काम संपवून घरी आली की मसाल्याची पाकिटं भरत बसे. पर्यटकांचा हंगाम होता, पाकिटं खपत. तरीही कमी पडलं, तेव्हा एका सकाळी बाजाराला निघताना सुभद्राने कमरेची पिशवी सोडून नोटा तिच्यासमोर ठेवल्या. गुणाजी तिथेच चहा घेत होते. त्यांनी बघितलं आणि पेला उचलून बाहेर गेले. थोड्या वेळाने परत येऊन त्यांनी त्या नोटांवर आणखी काही ठेवल्या.

जानेवारीत कार्डाचं खातं पूर्ण भरून झालं. पण तेवढ्याने काम संपत नव्हतं. कंपनीने तसं कळवायचं, मग रिपोर्ट बदलायचा, मग बँकेने तो पुन्हा मागवायचा. फेब्रुवारीत रिपोर्ट आला तर फ्रीजचं खातं बंद दिसत होतं आणि कार्डाचं जुन्याच रकमेला थकीत. सलोनीने पावत्यांच्या झेरॉक्स काढून पुन्हा पाठवल्या. मार्च उजाडला. योजनेचं वर्ष संपलं, जिल्ह्याचा कोटा भरला. नव्या वर्षात अर्ज नव्याने करावा लागेल, असं ओरोसच्या ऑफिसात सांगितलं, तेव्हा सलोनी तिथल्या बाकावर बसून राहिली. तिला रडू आलं नाही. फार दमल्यासारखं झालं होतं, इतकंच. मग पाणी पिऊन तिने नवा अर्ज मागून घेतला.

भार्गवी मॅडमनी तिचं काम सोडलं नाही. एप्रिलच्या शेवटी त्यांनी स्वतः फोन केला. दोन्ही खाती बंद दिसतायत, म्हणाल्या. कर्ज जून संपता संपता मंजूर झालं, मागितलं होतं त्याहून थोडं कमी. मोठ्या यंत्राऐवजी लहान यंत्र घ्यावं लागलं. पावसात कोणी मसाला कुटत नाही, म्हणून ते बसवलं दसऱ्याला. जागा घराच्याच पडवीत. गुणाजींनी बाजूला माडाच्या विणलेल्या झापांची भिंत घातली आणि वायरमनला बोलावून तीन फेजची जोडणी करून घेतली.

पहिल्या दिवशी शेजारच्या हौसाबाई मिरच्या घेऊन आल्या. यंत्र सुरू झालं तसा तिखटाचा खकाणा उठला आणि पडवीतली सगळी माणसं शिंकायला लागली. सुभद्राने पदराने नाक दाबलं. रिया हसत हसत अंगणात पळाली आणि तिथून ओरडून विचारू लागली की पप्पांना सांगू का, यंत्र आलं म्हणून.

सलोनी वाकून डब्यात पडणारा मसाला बघत होती. रंग चांगला आला होता. डोळ्यांतलं पाणी तिने मनगटाने पुसलं.

"सांग," ती म्हणाली. "माझ्या मोबाइलार नंबर आसा."

मग हौसाबाईंनी मीठ घालायचं का विचारलं आणि ती त्यांच्याकडे वळली.